उतरणीचा हिशेब

पुण्यात सिंहगडाच्या वाऱ्या करणाऱ्यांची एक ठरलेली विचारपूस असते. रविवारी सकाळी गडावर कोणी ओळखीचे भेटले की ‘किती वेळात चढलात?’ हा पहिला प्रश्न आणि ‘भजी झाली का?’ हा दुसरा. पायथ्याच्या आतकरवाडीहून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत कोण पन्नास मिनिटांत आले, कोणी चाळिशीच्या आत मजल मारली, याच्या नोंदी लोकांच्या तोंडावर असतात. पण उतरायला किती वेळ लागला, हे मला आजवर एकदाही कोणी विचारलेले नाही. या गडाची सर्वांत प्रसिद्ध गोष्टही चढण्याचीच आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांचे मावळे कडा चढून वर गेले, आणि तानाजी पडल्यावर माघारी पळू पाहणाऱ्यांना सूर्याजीने सुनावले की परतीचे दोर मी केव्हाच कापून टाकले आहेत, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. उतरण्याचा प्रश्नच मिटला. आम्हां पुणेकरांच्या लेखी तो तेव्हापासून मिटलेलाच असावा.

माझ्यापुरता तो जीपने मिटवला होता. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीचे मनात घेऊन मी जूनपासून सराव करत होते. दर रविवारी आतकरवाडीत स्कूटर लावायची, घड्याळ सुरू करायचे, पुणे दरवाजात ते बंद करायचे, मडक्यातले दही खायचे आणि मग वाहनतळावर ‘एक सीट, एक सीट’ अशी हाक येत असलेल्या जीपमध्ये बसून खाली यायचे, असा तो सराव होता. गुडघे जपले पाहिजेत, हे कारण मी इतरांना सांगत असे. खरे कारण दहाच्या आत घरी पोचणे हे होते. पाच महिन्यांत माझी चढाची वेळ बहात्तर मिनिटांवरून अठ्ठावन्नवर आली, आणि ती मी न विचारताही लोकांना सांगू लागले.

डिसेंबरात पन्नासची रंगीत तालीम म्हणून मी सिंहगडाच्या आसपासच्या डोंगरांतली एक पंचवीस किलोमीटरची ट्रेल शर्यत लावली. एकूण चढ सुमारे १,२०० मीटर होता. किती वेळ लागेल याचा अंदाज मी आदल्या रात्री काढला, आणि तोही रीतसर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक साधा ठोकताळा घालून दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढलेल्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. त्या हिशेबाने चालत गेले तरी मी सात तासांत पोचले असते. मी तर धावणार होते, म्हणून त्यातले तीन तास मी स्वतःच्या अधिकारात वजा केले आणि चार तासांचा आकडा कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवला. ठोकताळ्यात उतरणीचा उल्लेखच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. आले असते तरी मला ते योग्यच वाटले असते.

पहाटे सहाला अंधारात, डोक्याला दिवे बांधून आम्ही निघालो. चढाचे वर्णन मी थोडक्यात उरकते, कारण तो छान झाला. सहा महिन्यांचा सराव पायांत होता, पहिल्याच सोंडेवर मी वीस-बावीस जणांना मागे टाकले आणि प्रत्येकाला ‘चला, चला, थोडेच राहिले’ असा उदार धीरही दिला. उजाडताना धारेवर पोचले तेव्हा एकीकडे खडकवासल्याच्या पाण्यावर धुके होते आणि फ्रिजवरच्या आकड्याच्याही मी अकरा मिनिटे पुढे होते.

चौदाव्या किलोमीटरला उतार लागला. सह्याद्रीत फिरणारे ज्याला घसारा म्हणतात तो हा प्रकार: कडक मुरमावर पसरलेली बारीक खडी, तिच्यावर वाळलेल्या गवताचा गुळगुळीत थर, आणि आधाराला हात घालावा तर तिथे काटेरी झुडूप. रस्त्यावर धावणाऱ्याला पाय कुठे पडेल याचा विचार करायची सवय नसते. इथे दर पावलाला तो विचार करावा लागतो, आणि तो करेपर्यंत पाऊल पडून गेलेले असते. मी मागे रेलले, टाचा रोवल्या आणि मांड्या आवळून ब्रेक लावत उतरू लागले. दहा मिनिटांत माझ्या मांड्या थरथरू लागल्या. गंमत अशी की मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके चढावरच्यापेक्षा बरेच कमी दिसत होते, दमही लागला नव्हता. शरीराची जी दोन मापे मी सहा महिने पाहत आले होते, ती दोन्ही ‘सर्व ठीक’ सांगत होती आणि पाय मात्र काम सोडून जायच्या बेतात होते. ज्यांना धीर देऊन मी पुढे आले होते ते एकेक करून खाली निघून गेले. त्यांतल्या साठीच्या एका गृहस्थांनी जाताना माझेच ‘चला, चला’ मला परत केले.

त्या उतारावर मला एक बाई भेटल्या. डोक्यावर वाळल्या गवताचा भारा, पायात साध्या चपला. मी वाट सोडून उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्या छातीवरच्या नंबराकडे पाहून विचारले, “याचं पैसं मिळत्यात, का भरावं लागत्यात?”

“भरावे लागतात, मावशी.”

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला जरा लागलेच. पण पुढची पाच-सात मिनिटे मी त्यांच्या मागोमाग उतरले आणि केवळ त्यांचे पाय पाहिले. पाऊल वीतभर अंतरावर पडत होते, त्याहून लांब नाही. गुडघा कधीच पुरता सरळ होत नव्हता. टाच आधी आणि चवडा मग, असे न होता अख्खा तळवा एकदम टेकत होता. भाऱ्यामुळे त्यांना मागे रेलता येणे शक्यच नव्हते, त्यामुळे शरीराचे वजन नेमके पावलांवर येत होते. मी रेलल्यामुळे माझे वजन पावलांच्या मागे पडत होते आणि बूट पुढे निसटत होते. मी तसे उतरायचा प्रयत्न केला. थोडे जमले, पण तोवर मांड्यांची वेळ टळून गेली होती.

मांड्यांचे असे का होते, हे मी नंतर निवांत बसून वाचले; निवांत बसण्याखेरीज दुसरे काही करताही येत नव्हते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो. या दुसऱ्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून दम लागत नाही. मात्र स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते आणि ती दुखण्याच्या रूपाने एक ते तीन दिवसांनी पुरती वर येते. रविवारच्या शर्यतीचे बिल मला मंगळवारी आले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी कठडा धरून दुसऱ्या मजल्यावरून उलट्या पावलांनी उतरत होते, तेव्हा खालून वर येणाऱ्या शेजारच्या काकांनी थांबून विचारले, “काही विसरलात का वर?”

नेस्मिथच्या ठोकताळ्याला पुढे एरिक लँगमूर या गिर्यारोहकाने पुरवणी जोडलेली आहे, हेही त्याच दिवसांत कळले. उतार सौम्य असेल तर दर तीनशे मीटरला दहा मिनिटे कमी करा आणि बारा अंशांहून तीव्र असेल तर दहा मिनिटे वाढवा, असे ती सांगते. म्हणजे खाली येणे हा नेहमी फायद्याचा व्यवहार नसतो, हे कोणीतरी आधीच मांडून ठेवले होते. मला एकूण पाच तास वीस मिनिटे लागली. दक्षिण आफ्रिकेतली सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत बहुधा एका वर्षी समुद्राकडून वर आणि पुढच्या वर्षी वरून समुद्राकडे धावली जाते; ती करून आलेले पुणेकर ‘उतरणीचे वर्ष जड’ असे का म्हणतात, तेही मला आता मांड्यांनी समजले आहे.

बाकीच्या चुका किरकोळ होत्या. उतारावर खायला सुरुवात केली आणि चिक्कीचा तुकडा घशात अडकला. चढावर सगळे चालतातच, तेव्हा खाणे तिथेच उरकावे. मी नुसते पाणी पीत राहिले, ते मीठ-साखरेचे सरबत असायला हवे होते. बुटाची नाडी वरच्या शेवटच्या भोकातून ओवून घोट्याशी आवळली नाही, म्हणून बोटे पुढे आपटत राहिली आणि उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले. ते अजून तसेच आहे, आणि सणासुदीला सँडल घालताना त्यावर गडद नेलपॉलिश लावावे लागते.

स्नायूंची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. उताराचा मार एकदा बसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच मारात त्यांची इजा कमी होते. ती सवय चढून मिळत नाही, आणि जीपमध्ये बसून तर नाहीच.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गडावर गेले. चढताना घड्याळ लावले नाही, दही मात्र खाल्ले. वाहनतळाशी नेहमीच्या चालकाने मला पाहताच पुढची सीट मोकळी केली.

“या ताई, एकच बाकी आहे.”

मी चालत उतरणार आहे म्हटल्यावर त्याने माझ्या पायांकडे पाहिले, मग तोंडाकडे. “सुट्ट्याची अडचण असेल तर पुढच्या रविवारी द्या की,” तो म्हणाला. नाही, मुद्दामच उतरते आहे, असे मी सांगितले. पुणे दरवाजातून बाहेर पडून वीत-वीतभर पावले टाकत, गुडघे मोकळे ठेवत मी तासाभरात आतकरवाडीला पोचले. वाटेत दोनदा बसकण मारली. तेवढ्या वेळात त्याची एक फेरी पुरी होऊन तो दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा वर गेलाही असणार.