तुम्ही विचारलंत म्हणून : चार सिलिंडरवाली जुनी स्विफ्ट घेऊ का?

2024 मध्ये नव्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं इंजिन आलं. तेव्हापासून गॅरेजवर हा प्रश्न सारखा येतो : "जुनी चार सिलिंडरवाली बघतोय, लाखभर फिरलीय. घेऊ का?"

जरूर घ्या. फक्त मीटरच्या आकड्यावर जाऊ नका.

या जुन्या स्विफ्टचं इंजिन म्हणजे के-12, 1197 सीसीचं. आधीच्या स्विफ्टला 1.3 लिटरचं होतं. 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा अबकारी कर 24 वरून 16 टक्क्यांवर आला आणि 2010 मध्ये स्विफ्टलाही बाराशेच्या आतलं इंजिन बसलं. ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरायला लागल्यावर येते. खंबाटकी घाट चढताना गिअर उतरवावाच लागतो, त्याला बिघाड समजू नका.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, बेल्ट नाही, चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. स्टार्ट केल्या केल्या एखादा सेकंद खडखड झाली तर एक वेळ चालेल, पण आवाज रेंगाळला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही असं मी धरतो. तिथेच मी भाव पाडतो किंवा गाडी सोडतो.

मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेट घेत नसेल, तर घाबरू नका. प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल आहे. संशय असलेली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. मिसिंग तिच्याबरोबर सरकलं तर कॉइलच गेलेली. काम अर्ध्या तासाचं.

मला खरी भीती वाटते ती गरम झालेल्या गाडीची. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) बोअरवेलचं पाणी घातलं की रेडिएटरमध्ये क्षार बसतात, वॉटर पंप खराब होतो. मग कोणीतरी 'गरम होते' म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकतो. त्याने मूळ दुखणं जात नाही, उलट इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जळतं. तापमानाचा लाल दिवा लागल्यावरही 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणत गाडी ओढली की हेड वाकतं, त्याखालचं गॅसकेट (सांधा बंद ठेवणारा पत्रा) उडतं. वाकलेलं हेड घासून सपाट, म्हणजे प्लेन करून गाडी चालू होते, विकलीही जाते. घेणाऱ्याला मात्र यातलं कोणी सांगत नाही.

म्हणून गार इंजिनवर दोन झाकणं स्वतः उघडा. कूलंटच्या टाकीत रंगीत पाणी हवं. गंज किंवा तेलाचा तवंग नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही ती धरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून बघा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये शिरतंय असं समजा. स्वस्तात मिळाली तरी ती गाडी घेऊ नका.