पाळीची नोंद ठेवणारा स्वस्त पट्टा: काय मोजायचे आणि काय वगळायचे

मासिक पाळीची नोंद ठेवणारे, अंगावर वापरायचे उपकरण स्वस्तात करायचे म्हटले की चर्चा बहुधा सेन्सरच्या किमतीपासून सुरू होते. मला ती सुरुवातच पटत नाही. सुटे भाग आता फारसे महाग राहिलेले नाहीत. उपकरण महागते ते त्याच्यावर दहा कामे लादल्यामुळे. पडदा, नाडी, रक्तातील ऑक्सिजन, पावलांची मोजणी असे सगळे एका मनगटावर बसवले की बॅटरी मोठी लागते, चार्जिंगची कटकट मागे लागते आणि ज्या कामासाठी उपकरण घेतले ते मेन्यूच्या तळाशी जाऊन बसते. सध्या मी अशा एका पट्ट्याचा आराखडा करत आहे आणि त्यात काय घालावे यापेक्षा काय वगळावे याचाच विचार अधिक करावा लागतो आहे.

मोजण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे तापमान. ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे, झाल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि त्यामुळे शरीराचे विश्रांतीतील तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढून पुढच्या पाळीच्या सुमारास खाली येते. या काळात विश्रांतीची नाडीही किंचित वाढते, परंतु ती मोजण्यासाठी त्वचेवर प्रकाश टाकणारा सेन्सर लागतो आणि तो बॅटरी झपाट्याने संपवतो. तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या थर्मिस्टर या छोट्या सेन्सरचे तसे नाही. दर पाच मिनिटांनी एकदा जागे होऊन तापमान टिपायचे आणि पुन्हा झोपी जायचे, एवढेच काम असेल तर सरासरी २० मायक्रोअँपिअरमध्ये भागवता येते. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते, म्हणजे कागदावरचा हिशेब ११,००० तासांचा, सव्वा वर्षाचा होतो. प्रत्यक्षात तो कमी भरेल हे गृहीत धरले तरी चार्जर, चार्जिंगचे सर्किट आणि त्यांचा खर्च या तिन्हींतून सुटका होते. मात्र असा सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकते, त्यामुळे त्याचे झाकण स्क्रूनेच बंद झाले पाहिजे. तिथे काटकसर नको.

आपल्याला खरे तापमान किती आहे हे कळण्याची गरज नाही, कालच्यापेक्षा आज किती बदलले एवढेच पुरते. त्यामुळे सेन्सर अचूक नसला तरी चालेल, परंतु तो स्थिर हवा आणि त्याला अंशाच्या शंभराव्या भागापर्यंतचा फरक दिसायला हवा. खरी अडचण पांघरुणाची आणि खोलीतल्या हवेची आहे. मनगट रात्रभर कधी पांघरुणात तर कधी बाहेर असते, आणि तिथल्या त्वचेचे तापमान त्यासरशी इतके खालीवर होते की अर्ध्या अंशाची वाढ त्यात सहज बुडून जाते. २०२२ मध्ये आलेल्या ॲपल वॉच सीरीज ८ मध्ये यासाठी दोन सेन्सर आहेत, एक त्वचेलगत आणि दुसरा पडद्याखाली. ही युक्ती स्वस्त उपकरणालाही परवडते, कारण दुसरा थर्मिस्टर किमतीत नगण्य भर घालतो. मी त्यापुढे जाऊन मनगटच सोडायचे ठरवले आहे. दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ बांधलेला पट्टा शरीराच्या आतल्या तापमानाच्या अधिक जवळ राहतो. तो फक्त झोपताना बांधायचा असल्यामुळे देखणा असण्याची गरज नाही, आणि कोणाच्या नजरेसही पडत नाही.

तापमानावरून कळते ते झालेल्या घटनेबद्दल. सलग तीन दिवसांचे आकडे त्याआधीच्या सहा दिवसांच्या आकड्यांपेक्षा चढे असले तर ओव्ह्युलेशन होऊन गेले असे मानण्याची पद्धत जुनी आहे, आणि हे गणित अगदी साध्या चिपलाही जमते. पण ‘होऊन गेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रौढ स्त्रीचे २४ ते ३८ दिवसांचे चक्र सामान्य धरले जाते आणि त्यात बदलतो तो मुख्यतः ओव्ह्युलेशनपूर्वीचा काळ, त्यामुळे केवळ तापमानावरून पुढच्या महिन्याचे सुरक्षित दिवस सांगण्याच्या फंदात हा पट्टा पडणार नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे: पाळी येते आहे, पण अनेक चक्रांत तापमान चढतच नाही, असे दिसले तर पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) किंवा थायरॉइडची तपासणी करून घेण्यासाठी ती नोंद पुरेसे कारण ठरते.

रक्तस्रावाबद्दल मात्र तापमान काहीच सांगत नाही, आणि माझ्या मते स्वस्त उपकरणाने सर्वाधिक लक्ष इथेच द्यायला हवे. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे ही अतिस्रावाची रूढ मर्यादा आहे. त्यातून लोहाची कमतरता आणि रक्तक्षय होतो. अंगावरून जास्त जाते हे वर्षानुवर्षे सोसणाऱ्या स्त्रीला ते ‘जास्त’ आहे हेच अनेकदा ठाऊक नसते, कारण तुलनेला काही नसते. १९९० मध्ये यासाठी चित्रांचा एक तक्ता मांडला गेला: थोड्या डागाच्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, आणि बेरीज १०० च्या वर गेली तर अतिस्रावाची शक्यता. हा तक्ता पट्ट्यावर आणायला सेन्सर लागतच नाही. वेगवेगळ्या उंचीची तीन बटणे पुरेत, म्हणजे पॅड बदलल्यावर अंधारातही बोटाने ओळखून दाबता येतील. पॅडऐवजी रक्त साठवणारा मासिक पाळीचा कप वापरणाऱ्यांसाठी मिलिलिटर भरण्याची सोय वेगळी करावी लागेल. या कामात बटणासारखी रुक्ष गोष्ट सगळ्यात मोलाची ठरावी याची गंमत वाटते.

राहिला प्रश्न नोंदीच्या मालकीचा. आठ तासांच्या झोपेत ९६ वेळा दोन सेन्सरचे आकडे टिपले आणि प्रत्येक आकड्याला २ बाइट दिले, तर वर्षाचा साठा १५० किलोबाइटच्या आत राहतो. तो पट्ट्यातच मावत असताना दूरच्या सर्व्हरवर पाठवण्याचे कारण उरत नाही. फ्लो या पाळीच्या ॲपने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०२१ मध्ये त्यात तडजोड झाली, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. शिवाय घरातला फोन अनेकजण मिळून वापरत असतील तर ॲपमधली नोंद खासगी राहत नाही. म्हणून खाते उघडण्याची सक्ती नाही, ब्लूटूथ बटण दाबल्याशिवाय चालू होणार नाही, आणि डॉक्टरांना दाखवायला एका पानावर छापता येईल असा आलेख मिळेल.

चाचणीत पट्ट्याचे निष्कर्ष लघवीतील एलएच (ओव्ह्युलेशनच्या थोडे आधी वाढणारे संप्रेरक) तपासणाऱ्या चाचणी-पट्ट्यांशी आणि शक्य तिथे सोनोग्राफीशी ताडून पाहायचे आहेत. नियमित पाळीच्या तरुण स्वयंसेविकाच घेतल्या तर आकडे सुरेख येतील आणि फारसे काही सिद्ध होणार नाही. अनियमित पाळी असलेल्या, रात्रीच्या कामावर जाणाऱ्या आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी पहिल्या गटातल्या निम्म्या जागा त्यामुळेच राखून ठेवल्या आहेत.