जानेवारीत दोन घोडे कमी झाले

डायनो म्हणजे रोलरवर गाडी पळवून तिची ताकद मोजणारं यंत्र. त्याचा मे महिन्यातला कागद १२९ घोडे (हॉर्सपॉवर) म्हणतो, जानेवारीतला १२७. मधल्या काळात मोकळा एअर फिल्टर बसवलेला. म्हणजे खिसा हलका करून आपण दोन घोडे घालवले, असा निकाल इंदुरातल्या रामबागेत चहाच्या दुसऱ्या कपाच्या आत लागला. धाकट्या भावाने तर काळजीने विचारलं, "दादा, जुना फिल्टर फेकला नाहीस ना?"

गाडी तीच: पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल. कंपनीच्या हिशेबाने ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. त्यावर स्टेज १ रीमॅप (सुटे भाग न बदलता इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं), पोटात ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. रोलर तोच, गिअर चौथा, टायरमधली हवा मोजून सारखी केलेली. आकडे सगळे चाकावरचे. त्यांना १५ टक्के चिकटवून क्रँकचे, म्हणजे थेट इंजिनाचे, घोडे सांगायची पद्धत आहे, पण ते १५ टक्के कोणी मोजलेले नसतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तळाची बारीक अक्षरं वाचली. मे: प्रत्यक्ष मोजलेले ११७, करेक्शन फॅक्टर (त्या दिवशीच्या हवेची भरपाई करणारा गुणक) १.१०. जानेवारी: प्रत्यक्ष १२१, फॅक्टर १.०५. इंजिनाने जानेवारीत चार घोडे जास्तच दिले होते, कमी झाला तो गुणक.

हा गुणक एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) हिच्या जे१३४९ या मानकाचा. त्याच्या लेखी प्रमाण हवा म्हणजे २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९० हेक्टोपास्कल. ९९० ला त्या दिवशीच्या कोरड्या दाबाने भागायचं, त्या दिवशीच्या तापमानाला प्रमाण तापमानाने भागून येणाऱ्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणायचं (तापमान केल्विनमध्ये), मग १.१८ ने गुणून ०.१८ वजा करायचे. आपलं इंदूर साधारण ५५० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा जवळपास ६ टक्के कमी. मे मध्ये शेडमधला बॅरोमीटर ९४२ दाखवत होता, बाष्पाचे १२ काढले की उरले ९३०, आणि तापमान ३८. वहीत करून पाहा, १.१० येतो. जानेवारीत कोरडा दाब ९४५ आणि २२ अंश, म्हणून १.०५. गणित चोख आहे. मुळात ७ टक्क्यांपलीकडची दुरुस्ती हे मानकच भरवशाची धरत नाही, पण कागदावर ती छापून येतेच.

खरी गोम पुढे आहे. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला हे सूत्र बऱ्यापैकी लागू पडतं: हवा विरळ, सिलिंडरमध्ये जाते ती कमी, ताकद त्या मापाने कमी. आपल्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) मात्र मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, निरपेक्ष दाब मागतो. माझ्या मॅपमध्ये तो मधल्या आरपीएमला २२०० मिलिबार आहे (मिलिबार आणि हेक्टोपास्कल एकच). बाहेर ९४२ असो की १०१०, तो वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) जास्त मिटून, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) जास्त फिरवून २२०० भरून काढायला बघतो. म्हणजे उंचीची भरपाई टर्बोने आधीच बरीचशी केलेली असते आणि त्यावर सूत्र पुन्हा एकदा भरपाई करतं. एकाच बिलावर दोनदा सूट घेतल्यासारखं. म्हणून १२९ या आकड्याला मी माझा म्हणत नाही.

फुकटात मात्र काही होत नाही. डिसेंबरात लग्नासाठी वडोदऱ्याला मामाकडे गेलो होतो. ते शहर जेमतेम ३५-४० मीटरवर. तिथला एक लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) घेतला होता. बाहेर १०१० असताना २२०० गाठायला टर्बोला दाबाचं गुणोत्तर २.१८ पुरतं, मे मधल्या इंदुरात २.३४ लागतं. वडोदऱ्यात वरच्या आरपीएमलाही वेस्टगेटला मिटायला जागा शिल्लक दिसते. मे च्या डायनो लॉगमध्ये ५००० च्या पुढे तो जवळपास पूर्ण मिटलेला आणि दाब तरीही २०५० पर्यंत घसरलेला. (वडोदऱ्याचा लॉग रस्त्यावरचा, तिसऱ्या गिअरचा आहे, म्हणून त्यातून घोडे काढायला जाऊ नका. वेस्टगेट बघायला तेवढा पुरतो.)

दुसरी किंमत उष्णतेची. या इंजिनात इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा निववणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो आणि पाण्यावर चालतो. ते पाणी एकदा तापलं की समोरचा पंखा कितीही फिरू दे, लवकर निवत नाही. मे मध्ये लागोपाठ चार रन मारले. चौथ्यात मॅनिफोल्डमधली हवा ६८ अंशांवर, नॉकमुळे (पेट्रोल अवेळी पेटल्यामुळे) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ४ ते ५ अंश मागे. जानेवारीत रनमध्ये दहा-दहा मिनिटं थांबलो: हवा ४४, टायमिंग जेमतेम दीड अंश मागे. चार घोडे इथेच कुठेतरी आहेत.

मग फिल्टरचं काय? जानेवारीत त्याच दिवशी, गाडी रोलरवरून न उतरवता, जुना फिल्टरचा डबा परत बसवला होता. डायनोवाला "भिया, अब क्या खोल रहे हो?" म्हणून वैतागला, पण दोन रन दिले त्याने. जुन्यावर १२० आणि १२१, नव्यावर १२१ आणि १२०. आठ महिन्यांच्या फरकाने काढलेले कागद हे कधीच सांगू शकले नसते.

डायनोवर जाणार असाल तर करेक्शन बंद करून प्रत्यक्ष आकडा मागा, आणि मशीन एसएईवर आहे की एसटीडीवर (दुरुस्तीचं जुनं मानक) तेही विचारा. एसटीडी साधारण ४ टक्के जास्त दाखवतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. दाब कुठून घेतलाय तेही बघा. मोबाइलवरच्या हवामानाचा दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो, इंदुरात त्यात आणि खऱ्या दाबात ६० हेक्टोपास्कलचा फरक पडतो. आणि आलेख तपासून घ्या: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७१२७. माझ्या मे च्या कागदावर ५२०० ला १६० होते, ११७ बरोबर जुळले.

आता मे मध्ये पुन्हा त्याच रोलरवर, रनमध्ये दहा मिनिटं थांबून. तेव्हा ११७ चे किती होतात ते कळेल. फिल्टर नवाच ठेवलाय. टर्बोचा श्वास मस्त ऐकू येतो त्यातून, आणि भावालाही आता तोच हवाय.