तो रविवार, आणि लाफारोचा बास

आज सुट्टी होती. अख्खी दुपार 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' हा मैफलीत रेकॉर्ड झालेला जॅझ अल्बम ऐकण्यात गेली. २५ जून १९६१, न्यूयॉर्कमधला तळघरातला क्लब. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन, बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो. मागे ग्लास किणकिणतात, लोक हळू आवाजात बोलतात, आणि यांचं वादन त्यातून वाट काढत राहतं.

लाफारोचा बास नुसता ठेका धरून बसत नाही. पियानोला उत्तर देतो, मध्येच त्याला मागे टाकून पुढे जातो, पुन्हा येऊन मिळतो. या मैफलीनंतर अवघ्या अकरा दिवसांत तो मोटार अपघातात गेला. वय २५. हे कळल्यापासून 'ग्लोरियाज स्टेप' (ही त्याचीच रचना) मला निराळीच ऐकू येते. आज तीनदा लावली.

जॅझ नव्याने ऐकणाऱ्यांना मी आधी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' सुचवते. तिथेही एक रचना सोडली तर पियानो एव्हान्सचाच. मग हा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' कान जरा तयार झाल्यावर.

हेडफोन लावा आणि पहिल्यांदा फक्त बासच्या मागे जा.