पार्वतीबाईंचं कुंकू

१६ जानेवारी, रात्री उशिरा

हळदीकुंकवाच्या गप्पांत आज पानिपत निघालं. मराठ्यांवर ऐन संक्रांतीला संक्रांत कोसळली, असं कुणीतरी म्हणालं. मी गप्प बसले. (१७६१ सालची संक्रांत १४ जानेवारीच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती, पण वाण लुटताना पंचांग कशाला काढा!) घरी आल्यापासून मात्र डोक्यात पार्वतीबाई आहेत. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी.

वाट बघणारी बायको म्हटलं की आपण तिला उंबऱ्यात उभी करतो. ही तर पानिपतावरच होती. जानू भिंताड्याने तिला तिथून सोडवलं. फौज उधळताना तिने पाहिली असणार, नवरा पडताना नाही. भाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले, एवढंच. पुढे शिर नसलेलं एक धड सापडलं, ते भाऊंचंच म्हणून ओळखलं गेलं, अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या खटपटीने दहनही झालं. पण ते सगळं तिकडे. इकडे नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली ती सावकारी चिठ्ठी, दोन मोत्ये गळाल्याची. त्यांचा मुलगा विश्वासराव आणि भाऊ. चिठ्ठीतल्या मोत्यावरून कोण कुंकू पुसेल?

त्यांनी पुसलं नाही. आपण याला पातिव्रत्य म्हणून मोकळे होतो. मला ते अर्धंच वाटतं. कुंकू पुसणं म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण घरात केशवपन, विधवेचं तांबडं अलवण आणि मंगलकार्यात मागे सरणं. नवरा गेल्याची खात्री नसताना हे सगळं आपल्या हाताने ओढवून घ्यायचं? प्रेम होतंच, पण त्या बाईला व्यवहारही कळत असणार. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून पुतळा जाळावा, असं शास्त्र सांगतं. १७७३ उलटलं तरी या सवाष्णच.

आणि मधेच तो आला, भाऊंचा तोतया! अंगलट भाऊंसारखी, भोवती माणसं, तोंडी भाऊंचं नाव. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला पकडून पुण्यात आणलं, भाऊंना ओळखणाऱ्यांसमोर चौकशी झाली. हा बुंदेलखंडाकडचा सुखलाल, कनोजा ब्राह्मण, असं ठरलं आणि त्याची रवानगी कैदेत झाली. बाकीच्यांना चेहरा, आवाज, दरबारातल्या आठवणी पुरत होत्या. बायकोला काय आठवत असेल? जे चौकशीत विचारता येत नाही तेच. तिने ‘नाही’ म्हणावं तर हाताने आशा मारायची, ‘हो’ म्हणावं आणि माणूस परका निघाला तर? या विचाराने आत्ता माझ्याच पोटात गोळा आलाय.

१७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला. कैदेत ठेवणारा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपेच त्याला सामील झाला. कोकणातले किल्ले पटापट त्याच्याकडे गेले, हजारो माणसं जमली. ती सगळी फसली, असं मला नाही वाटत. घरटी माणूस गेलेल्या मुलखात एकजण परतला म्हणजे आपलाही परतेल, हे कुणाला नको होतं?

पार्वतीबाई तेव्हा नाना फडणीस वगैरे कारभाऱ्यांच्याच गोटात होत्या. दोन वर्षांपूर्वी नारायणराव पेशव्यांच्या गरोदर विधवा गंगाबाईंना पुरंदरावर नेलं तेव्हा याच सोबत होत्या. तिथे जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावाने कारभार चालला होता. खरे भाऊ उभे राहिले असते तर त्या पाळण्यातल्या पेशव्याचं काय झालं असतं?

महादजी शिंदे आणि भिवराव पानशांनी बंड मोडलं. तोतया समुद्राकडे पळाला, आंग्र्यांनी धरला आणि डिसेंबरात पुण्यात त्याचा शेवट झाला. त्यानंतरही पार्वतीबाईंचं कुंकू तसंच राहिलं, १७८३ मध्ये त्या गेल्या तोवर. म्हणजे सरकारने तोतया मारला, बाईंच्या लेखी भाऊ मेलेच नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरं धरून त्या सात वर्षं जगल्या.

समजा, बाईंनी पडद्याआडून ‘हेच ते’ असं म्हटलं असतं. नाना फडणीसांनी ऐकलं असतं? मला तरी वाटत नाही. पानिपतातून तेही जीव वाचवून आले होते, पण त्यांना आता भाऊ परत नको होते.