डावा डोळा

मंगळवार, रात्री

वहिनी सहज बोलून गेली. "अगं, आईंना थेंब घालायचे होते, म्हणून फोन घ्यायला उशीर झाला." कसले थेंब? पलीकडे एकदम गप्प. मग कुकरची शिट्टी. मग, "थांब हं, त्यांनाच देते."

मोतीबिंदू. डावा डोळा. गुरुवारी झालं, म्हणजे आज सहावा दिवस. आणि मी रोज फोन केलाय. रोज! गॅस उशिरा आला, समोरच्या काकूंकडे नवे पडदे लागले, कोथिंबीर चाळीस रुपये जुडी. डोळ्यावर पट्टी बांधून हे सगळं सांगत होती. वाड्यात तिला आकाशवाणी म्हणतात ते उगाच नाही. आवाजात काडीचा फरक नव्हता.

तेच डोक्यातून जात नाहीये. निदान आवाज तरी मला कळायला हवा होता.

परवापासून ॲल्व्हार लिडेलबद्दल वाचतेय म्हणूनही असेल. बीबीसीचे निवेदक 1940 पासून बातम्यांआधी स्वतःचं नाव सांगायला लागले; शत्रूने खोट्या बातम्या लावल्या तर लोकांना आवाजावरून खरा माणूस ओळखू यावा म्हणून. त्या ओळखीच्या आवाजांतला हा एक. आणि 1943 मध्ये हाच बुवा हवाई दलात गुप्तवार्ता अधिकारी झाला, त्यातला काही काळ ब्लेचली पार्कात. तिथे जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडायचे काम. हजारो माणसं, निम्म्याहून जास्त बायका, आणि सगळ्यांची तोंडं शिवलेली. घरीसुद्धा बोलायचं नाही. नंतर लिडेल परत मायक्रोफोनसमोर. 1969 ला निवृत्त झाला, आणि ब्लेचलीचं गुपित चारचौघांत आलं 1974 ला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस जगाच्या बातम्या वाचत होता, ती एक सोडून.

त्याचं ठीक आहे, त्याला कायद्याने बांधलं होतं. आईला कोणी बांधलं होतं? मी काय जर्मन आहे?

विचारलं तर म्हणाली, "तू रजा टाकून धावत आली असतीस." आले असते का? गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याच्या वेळी... जाऊ दे.

दादाला माहीत, वहिनीला माहीत, कामवाल्या मावशींनाही माहीत. लांब राहणारी लेक म्हणजे श्रोता. जे लावतील ते ऐकायचं. हे लिहिलं आणि डोळे भरून आले, मग स्वतःचंच हसू आलं. कारण सुहासच्या नोकरीचं मी तरी कुठे सांगितलंय तिला? मार्चपासून. माझाही आवाज साफ असतो. निदान मला तसं वाटतं.

काल मात्र बोलता बोलता तिने मध्येच विचारलं होतं, "सुहासला दुपारचा चहा कोण करून देतं गं?"

मी कोथिंबिरीचा भाव विचारला.