मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी माझा नवा नंबर कसा ठरवला

शाळेत असल्यापासून मला मायनस नंबर. उतारवयात तो दोन्ही डोळ्यांत सहाच्या आसपास येऊन थांबला होता, आणि मग अचानक पुन्हा वाढायला लागला. नवा चष्मा केला की थोडे दिवस बरे जायचे, परत धूसर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासलं आणि सांगितलं, "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग मधोमध कडक होत जातं तसा मायनस नंबर वाढतो. आता चष्मा बदलत बसण्यात अर्थ नाही." पूर्वी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे. आता तसं थांबावं लागत नाही, उलट फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला जास्त जड जातो. रोजच्या कामात अडायला लागलं की करून घ्यायचं, एवढं साधं उत्तर मिळालं. माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे अडायला फार वेळ लागलाच नाही.

पण लगेच पुढचा प्रश्न आला. "लेन्स कोणती घालायची? लांबचं स्वच्छ हवंय की जवळचं?"

या प्रश्नाची मला कल्पनाच नव्हती. माझी समजूत अशी की मोतीबिंदू काढतात, लेन्स बसवतात आणि दिसायला लागतं. आजीच्या वेळी तर लेन्सही बसवत नसत, तिला ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा आयुष्यभर लावावा लागला. डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवण्याची सुरुवात हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये 1949 साली केली, पण ती सगळीकडे पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आज त्या लेन्सचा नंबर अर्ध्या अर्ध्या डायऑप्टरने (हे नंबर मोजायचं एकक) निवडता येतो. म्हणजे ऑपरेशननंतर डोळ्याला कोणता नंबर उरावा हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं, आणि म्हणूनच ते नीट ठरवावं लागतं. मी डॉक्टरांकडे विचार करायला वेळ मागून घेतला आणि त्यांनी तो दिला. या बाबतीत घाई करणाऱ्या कुणाचं ऐकू नये असं मला मनापासून वाटतं, कारण लेन्स एकदा आत बसली की ती बदलणं म्हणजे दुसरं ऑपरेशन.

घरच्यांचं मत एकच होतं: "इतकी वर्षं चष्मा लावलास, आता सुट्टी कर त्याला." वहिनीने मल्टिफोकल लेन्स घातलेली आहे आणि ती खूश आहे. फोन, वर्तमानपत्र, समोरचा रस्ता, सगळं चष्म्याशिवाय. मी तिच्याशी निवांत बोलले. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती तिला कडी दिसतात. सुरुवातीला त्यांचा त्रास झाला, आता तिकडे लक्ष जात नाही म्हणाली. डॉक्टरांनी त्याचं कारण समजावून दिलं. या लेन्समध्ये डोळ्यात शिरणारा प्रकाश लांब आणि जवळ अशा अंतरांमध्ये वाटला जातो. त्यामुळे चष्मा सुटतो, पण काळ्या-पांढऱ्यातला उठाव थोडा कमी होतो, विशेषतः मंद उजेडात. डोळ्याच्या पडद्याचा किंवा काचबिंदूचा आजार असेल तर ती सहसा सुचवतच नाहीत. माझा पडदा ठीक होता, घालता आली असती. मी नको म्हटलं ते माझ्या कामामुळे. फिक्या छपाईतला रफार आहे की नाही हे मला दिवसभर बघायचं असतं, आणि तिथे उठाव कमी झालेला मला परवडणार नव्हता. वहिनीला तीच लेन्स योग्य होती याबद्दलही मला शंका नाही.

मग राहिली साधी, एकाच अंतराची मोनोफोकल लेन्स. तिच्यात दोन्ही डोळे लांबच्यासाठी ठेवायचे आणि वाचायला चष्मा लावायचा हा बहुतेकांचा मार्ग. डॉक्टरही आधी तेच बोलले. मी विचारलं, "आणि दोन्ही डोळे जवळच्यासाठी ठेवले तर? लांबचा चष्मा मला सवयीचाच आहे." ते म्हणाले, "चालेल की. जन्मभर मायनस असलेल्या माणसाला पुष्कळदा तेच आवडतं. पण जवळ म्हणजे नेमकं किती जवळ ते मला सांगा."

घरी आल्यावर टेबलाशी नेहमीसारखी वाचायला बसले आणि यांना टेप धरायला सांगितली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कागदापर्यंत जेमतेम 40 सेंटिमीटर. संगणकाचा पडदा 65 ते 70. हे आकडे घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी सोपं गणित मांडून दाखवलं. शंभराला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं, की त्या अंतरावर चष्म्याविना स्वच्छ दिसायला डोळ्यात किती मायनस उरायला हवा ते कळतं. 40 ला अडीच. 67 ला दीड. म्हणजे एका डोळ्यात उणे अडीच आणि दुसऱ्यात उणे दीड ठेवला तर कागद आणि संगणक दोन्ही बिनचष्म्याचे, आणि दोन डोळ्यांतला फरक फक्त एकाचा. तो बहुतेकांना सोसतो. एक डोळा पूर्ण लांबचा आणि दुसरा जवळचा ठेवला की फरक मोठा होतो, मग काहींचा मेंदू ते जुळवून घेतो, काहींना सतत अवघडल्यासारखं होतं.

याची आधी चाचणी घेता येते हे फार थोड्यांना माहीत असतं. या वयात डोळ्याची जवळ-लांब जुळवून घेण्याची ताकद संपलेली असते, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स घालून पुढच्या नंबरचा बराच अंदाज येतो. मी आधी पूर्ण नंबरच्या घालून पाहिल्या. भिंतीवरचं घड्याळ दिसलं, पण हातातला कागद नुसता करडा. वाचायच्या चष्म्यावाचून मला स्वतःच्या हाताची नखंसुद्धा धड दिसेनात. मायनसवाल्या माणसाला जवळचं आपसूक दिसण्याची इतकी सवय असते, की ते जाईल हे कुणी तोंडी सांगून कळत नाही. नंतर अडीच आणि दीड शिल्लक राहील अशा कमी नंबरच्या लेन्स घातल्या. मोतीबिंदूचा धूसरपणा होताच, तरी तासाभरात मी कामाला लागले होते. माझं उत्तर मला तिथे मिळालं.

एक गोष्ट मात्र मी गमावणार होते आणि डॉक्टरांनी ती न विचारता सांगितली, याचं मला मोल वाटतं. उणे सहा नंबरचा डोळा चष्मा काढल्यावर साधारण 16-17 सेंटिमीटरवर स्वच्छ पाहतो, आणि इतक्या जवळून सगळं मोठं दिसतं. अनुस्वार आहे की शाईचा ठिपका हे बघायला मी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी न्यायची. उणे अडीचमध्ये ते जमत नाही. तेवढ्यासाठी आता टेबलावर हातातलं भिंग असतं. मला ते पटलं होतं, म्हणून जड गेलं नाही. पण जे दागिने घडवतात, घड्याळं उघडतात, बारीक भरतकाम करतात आणि ज्यांना मोठा मायनस नंबर आहे, त्यांनी ही गोष्ट आधी जरूर बोलून घ्यावी.

मोजमापाचं काम मला वाटलं होतं त्याहून नाजूक निघालं. लेन्सचा नंबर मुख्यतः दोन गोष्टींवरून काढतात, डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, बाक. सरासरी डोळ्यात लांबी एका मिलिमीटरने चुकली तर अंदाजे अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. सरासरी डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, माझा 26. लांब डोळ्यांचा हिशेब चुकायची शक्यता थोडी जास्त, म्हणून त्यांनी एकाहून अधिक सूत्रं लावून पाहिली. कॉन्टॅक्ट लेन्सने बुबुळाचा बाक तात्पुरता बदलतो, त्यामुळे मऊ लेन्ससुद्धा मोजणीच्या दोन आठवडे आधीपासून बंद. त्यात माझे डोळे कोरडे. दोन यंत्रांवर बाकाचे आकडे जुळेनात. डॉक्टरांनी पुढे ढकललं, ओलाव्याचे थेंब दिले आणि आकडे स्थिर येईपर्यंत तारीख दिली नाही. पूर्वी लेसर करून चष्मा घालवलेला असेल तर हे गणित आणखी अवघड होतं, त्यांनी जुने कागद शोधून न्यावेत. पुरुषांनी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असल्यास तेही आधी सांगावं, त्या गोळीने ऑपरेशनमध्ये बाहुली नीट मोठी राहत नाही.

डाव्या डोळ्यात पावणेदोनचा सिलिंडर नंबरही होता, म्हणजे बुबुळाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याने येणारा नंबर. तो भरून काढणाऱ्या लेन्सला टोरिक म्हणतात. मी विचारलं, "चष्मा लावणारच आहे, तर टोरिक लेन्स कशाला?" डॉक्टर म्हणाले, "सिलिंडर जवळचंही पुसट करतो. तुम्हाला तर चष्म्याविना वाचायचंय." मुद्दा पटला. टोरिक लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एका अंशाने फिरली की सुमारे तीन टक्के उपयोग कमी, तीस अंश फिरली तर सगळाच गेला. आडवं झाल्यावर डोळा खोबणीत किंचित वळतो, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी मला ताठ बसवून, समोर बघायला लावून त्यांनी बुबुळाच्या कडेला शाईच्या बारीक खुणा केल्या.

ही अर्थात डाव्या डोळ्याची गोष्ट. पहिला उजवा झाला, कारण तो जास्त खराब होता. थेंबांची भूल, टाका नाही, डोळ्यावर प्रखर उजेड आणि पाण्याची धार, यापलीकडे सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी कागद पांढरा दिसला. डाव्या डोळ्याने तोच कागद जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. इतकी वर्षं मी त्या पिवळ्यातून वाचत होते.

दोन ऑपरेशनांमधला काळ खरा कटकटीचा. एका डोळ्यात अडीचच्या आसपास आणि दुसऱ्यात सातच्या पुढे, इतका फरक चष्म्याने सांभाळता येत नाही, दोन डोळ्यांतली चित्रं लहानमोठी दिसतात. डाव्या डोळ्याची मोजणी आधीच झाली होती, त्यामुळे विचारून त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरली आणि ऑपरेशनआधी वेळेवर बंद केली. जिने उतरताना कठडा धरूनच. पण या थांबण्याचा मोठा फायदा झाला. उजवा डोळा स्थिरावल्यावर नंबर उणे पावणेतीन आला, ठरवल्यापेक्षा पावाने जास्त. अर्ध्या नंबरपर्यंतचा फरक अपेक्षितच असतो. डॉक्टरांनी तो लक्षात घेऊन डाव्याचं गणित पुन्हा तपासलं, आणि मीही संगणकापुढे बसून खात्री केली की डाव्याला दीडच हवा. दोन्ही डोळ्यांचा निर्णय एकाच दिवशी पक्का करायची गरज नसते.

मोठा मायनस असलेल्यांना ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून आधी पडदा कडेपर्यंत तपासला होता, आणि अजूनही मी तपासणी चुकवत नाही. डोळ्यात चमका, एकदम वाढलेले काळे ठिपके किंवा बाजूने सावली सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. लेन्समागची पातळ पिशवी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होऊ शकते. तो मोतीबिंदू परत आलेला नसतो, लेसरने काही मिनिटांत मोकळं होतं.

महिन्याभराने लांबचा चष्मा मिळाला. बाहेर पडताना, टीव्ही बघताना लावते. काच पूर्वीपेक्षा कितीतरी पातळ आहे. टेबलाशी बसले की काढून ठेवते, कागदावरून संगणकाकडे मान वळवते आणि काम चालू राहतं.

परवा दादाचं ऑपरेशन झालं. त्याला लहानपणापासून नंबर नाही, दिवसभर गाडी चालवतो. माझं ऐकून त्याने आधी आपली अंतरं मोजली आणि दोन्ही डोळे लांबचेच ठेवले. वाचायचा चष्मा त्याच्या खिशात असतो.